गिनिपिगची जोडी जमवताना

नवा सोबती घरी आणला आणि पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात मारामारी झाली, तर घाबरून जाऊ नका. पण दुर्लक्षही करू नका.

गिनिपिग हा शब्द मराठी घरांत बहुधा तक्रारीच्या सुरातच ऐकू येतो. नवा अभ्यासक्रम आपल्याच मुलांच्या वर्षापासून लागू झाला, की ‘आमच्या मुलांना गिनिपिग केले’ असे पालक म्हणतात. या प्राण्याचे आणि प्रयोगशाळेचे नाते खरोखरच जुने आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, त्यामागे गिनिपिगांवरचे प्रयोग होते. मात्र आता हा प्राणी प्रयोगशाळेतून थेट दिवाणखान्यात आला आहे. कुत्रा पाळायला शेजाऱ्यांची हरकत, मांजर पाळायला घरच्यांची हरकत, अशा वेळी मुलांच्या हट्टाला गिनिपिग हे उत्तर सोयीचे वाटते. तो भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावे लागत नाही आणि तो सहसा चावत नाही.

चेन्नईच्या फ्लॅटमध्येही हेच चित्र दिसते. तामिळमध्ये त्याला ‘गिनी एली’ म्हणतात. एली म्हणजे उंदीर. या शहराला पाळीव प्राण्यांच्या बाजाराची जुनी सवय आहे. जुनी पुस्तके आणि पशुपक्षी यांसाठी प्रसिद्ध असलेले मूर मार्केट १९८५ साली आगीत भस्मसात झाले, पण प्राणी विकत घेण्याची हौस काही जळाली नाही.

सुरुवातीला घरी एकच गिनिपिग येतो. काही महिन्यांनी कोणीतरी सांगते, की हा प्राणी एकटा राहत नाही, त्याला जोडीदार आणा. सल्ला अगदी योग्य असतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातून आलेला हा प्राणी मुळात कळपाने राहणारा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनिपिगला एकटे ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. म्हणून आईवडील दुसरा गिनिपिग आणतात, कौतुकाने पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडतात आणि पाचच मिनिटांत आतून दात वाजल्याचा आवाज, पाठलाग आणि किंकाळ्या ऐकू येऊ लागतात. मुले रडू लागतात. नवा पाहुणा परत करावा का, असा प्रश्न पडतो.

बहुतेक वेळा परत करण्याची गरज नसते. गरज असते ती ओळख करून देण्याची पद्धत बदलण्याची.

आधी नर-मादी ओळखा

जोडी जमवण्याआधी दोघांचे लिंग पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहू नये. ‘दोन्ही माद्या आहेत’ म्हणून आणलेल्या जोडीला दोन महिन्यांनी पिल्ले झाली, अशी उदाहरणे कमी नाहीत. नर तीन-चार आठवड्यांचा असतानाच प्रजननक्षम होऊ शकतो. मादी साधारण ५९ ते ७२ दिवस गाभण राहते आणि व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. सहा-आठ महिन्यांचे वय उलटल्यावर मादी पहिल्यांदाच गाभण राहिली, तर प्रसूती अडून तिच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणजे येथे चूक झाली, तर ती केवळ गैरसोय ठरत नाही.

सर्वांत सहज जमणारी जोडी म्हणजे दोन माद्या, किंवा शस्त्रक्रिया करून निर्बीज केलेला नर आणि मादी. शस्त्रक्रियेनंतरही त्या नराला साधारण सहा आठवडे मादीपासून दूर ठेवावे लागते. दोन नरांचेही जमते, विशेषतः एक प्रौढ आणि एक लहान असेल तर. मात्र त्यांना जागा जास्त लागते आणि आसपास मादी असून चालत नाही. तीन नर एकत्र ठेवणे टाळावे. तेथे भांडण जवळजवळ ठरलेलेच असते.

ससा सोबती म्हणून चालेल का, असे अनेक जण विचारतात. चालत नाही. सशाच्या एका लाथेने गिनिपिग जायबंदी होऊ शकतो. शिवाय सशाच्या अंगात निरुपद्रवी वाटणारे काही जंतू गिनिपिगला न्यूमोनिया आणू शकतात.

पहिले तीन आठवडे वेगळी खोली

नव्या पाहुण्याला आल्या दिवशी जुन्याजवळ नेऊ नये. दोन ते तीन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे. बाजारातून आलेल्या प्राण्यांबरोबर उवा, खरजेचे किडे, नायट्यासारखा बुरशीचा रोग किंवा सर्दी घरात येऊ शकते. या दिवसांत आधी जुन्याला खाऊ घालावे, मग नव्याला, आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. शिंका, नाकातून पाणी, सतत खाजवणे किंवा केस गळणे दिसल्यास आधी उपचार, मग ओळख.

हा काळ संपला, की दोघांचे पिंजरे एकमेकांजवळ ठेवावेत. मध्ये जाळी आणि चार बोटांचे अंतर असावे. एकाच्या अंथरुणातले थोडे गवत दुसऱ्याकडे टाकावे. गिनिपिगची ओळख आधी नाकाने होते, डोळ्यांनी नंतर.

भेट तिसऱ्याच जागी

जुन्या गिनिपिगच्या दृष्टीने पिंजरा हे त्याचे घर असते. त्यात परका शिरला, तर तो अंगावर जाणारच. म्हणून पहिली भेट अशा ठिकाणी घडवावी, जी दोघांपैकी कोणाचीही नाही. खोलीच्या कोपऱ्यात जुनी चादर अंथरून भोवती पुठ्ठ्याचे किंवा जाळीचे कुंपण केले तरी पुरे. मध्यभागी गवताचा मोठा ढीग ठेवावा. पाण्याच्या दोन बाटल्या, खाण्याची दोन भांडी हवीत. लपायला खोकी ठेवायची असतील, तर त्यांना दोन दारे असावीत. एकच दार असले, तर आत अडकलेला दुबळा कोंडीत सापडतो आणि तेथेच चावाचावी होते.

गवत कुठून आणायचे, ही चेन्नईतील अडचण फुलवाल्यांकडे सुटू शकते. मैलापूरसारख्या भागात देवळांबाहेर गणपतीसाठी दूर्वांच्या जुड्या मिळतात, तामिळमध्ये ‘अरुगम्पुल’. स्वच्छ धुतलेल्या ताज्या दूर्वा हा गिनिपिगचा आवडता खाऊ. रोजच्या पोटभरीसाठी मात्र सुके गवतच हवे. समोर भरपूर खाणे असले, की निम्मा राग चघळण्यात जातो.

दोघांना एकदमच टबात घालून आंघोळ घालावी म्हणजे मैत्री होते, असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. ओले आणि भेदरलेले दोन प्राणी गप्प बसतात ते भीतीने, प्रेमाने नव्हे.

कुरबूर कोणती, भांडण कोणते?

येथेच बहुतेक घरांत गल्लत होते. गिनिपिगच्या कळपात वरचा कोण आणि खालचा कोण, हे ठरावेच लागते. ते ठरेपर्यंत बाहेरून कितीही भांडण वाटले, तरी तो त्यांचा शिष्टाचार असतो. खोल आवाजात गुरगुरत कंबर डोलवीत फिरणे, एकमेकांचे मागचे अंग हुंगणे, पाठलाग करणे, पाठीवर चढणे, नाक उंच करून दाखवणे, नाकाने ढकलणे, एखादा केसांचा झुबका उपटणे, हे सारे चालायचेच. माद्याही एकमेकींच्या पाठीवर चढतात. हरणारा मोठ्याने किंचाळतो. ते बहुधा दुखल्यामुळे नसते, ‘मी हरलो’ असे सांगणे असते. अशा वेळी मधे पडू नये. माणसाने दोघांना उचलून वेगळे केले, की ठरत आलेला निकाल पुसला जातो आणि पुढच्या भेटीत सारे पहिल्यापासून सुरू होते.

धोक्याच्या खुणा वेगळ्या असतात. दोघेही समोरासमोर थांबून सतत दात वाजवू लागले, मानेवरचे केस उभे राहिले, तोंड वासून दात दाखवू लागले आणि कोणीच माघार घेईना, तर लक्ष ठेवून तयार राहावे. एकाने तोंडावर झेप घेतली किंवा दोघे एकमेकांना चावत गोळा होऊन लोळू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता वेगळे करावे. पण उघडा हात कधीही मधे घालू नये. झटापटीत चावा माणसालाही बसतो आणि तो खोल असतो. जाड टॉवेल वरून टाकावा किंवा केराची सुपली दोघांमध्ये सरकवावी.

नियम सोपा आहे. आवाज झाला तर थांबा, रक्त आले तर वेगळे करा.

जखम झाल्यास मिठाच्या सौम्य कोमट पाण्याने पुसून पशुवैद्याला दाखवावी. चाव्याची जखम वरून बारीक दिसते, पण आत पू धरू शकते. घरातले उरलेले औषध मात्र मुळीच देऊ नये. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन यांसारखी माणसांना सर्रास दिली जाणारी औषधे पोटात गेली, तर गिनिपिगच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि तो दगावू शकतो.

पहिली भेट शांत चालली असेल, तर ती काही तास चालू द्यावी. दोघे शेजारी शेजारी खाऊ लागले, एक निजला आणि दुसऱ्याने त्याला उठवले नाही, की बरेचसे जमले असे समजावे. मग पिंजरा पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसून काढावा, अंथरूण नवे घालावे, सामानाची जागा बदलावी आणि दोघांना एकाच वेळी आत सोडावे. दोघांसाठी किमान सात-आठ चौरस फूट मोकळी जागा हवी, दोन नर असतील तर दहाच्या वर. दुकानात मिळणारे छोटे पिंजरे अनेक भांडणांचे मूळ असतात.

चेन्नईचा उन्हाळा विसरू नका

गिनिपिगला घाम येत नाही. त्याला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवते आणि पारा तिशीकडे गेला, की उष्माघाताचा धोका सुरू होतो. चेन्नईत मे महिन्यात ‘अग्नी नक्षत्रम्’चे दिवस येतात. पारा चाळिशी गाठतो आणि समुद्रावरची दमट हवा जीव नकोसा करते. अशा दिवसांत नवी ओळख करून देऊ नये. पाठलागाने दमलेला प्राणी काही वेळात आडवा होऊ शकतो. जोडी जमवायला डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उन्हाळ्यातच वेळ आली, तर पहाटे किंवा वातानुकूलित खोलीत भेट घडवावी. वीज गेल्यास गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. धापा टाकणे, लाळ गळणे, अंग टाकणे या खुणा दिसताच भेट थांबवून त्याला गार जागी न्यावे, अंग साध्या पाण्याने ओले करावे आणि पशुवैद्य गाठावा.

राग कधी कधी दुखण्याचाही असतो

कित्येक महिने गुण्यागोविंदाने राहिलेली जोडी एकाएकी भांडू लागली, तर स्वभाव बिघडला असे समजू नये. वाढलेले दात, खरूज किंवा वयस्क मादीच्या अंडाशयातील गाठी यांमुळे प्राणी चिडचिडा होतो. नर तीन-चार महिन्यांचे झाले, की वयात येताना काही काळ भांडतात, तेही ओळखून असावे.

क जीवनसत्त्वाची उणीव हेही एक कारण. माणसाप्रमाणेच गिनिपिगच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना स्कर्व्ही रोगाचा अभ्यास करता आला, तो याच प्राण्यामुळे. उणीव झाली, की सांधे दुखतात आणि कोणी अंगाला लागले तरी तो खेकसतो. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड, आवळ्याचा लहानसा तुकडा यांतून ही गरज भागते. एखादा गिनिपिग बारा तास काही खात नसेल, तर उद्याची वाट पाहू नये.

चेन्नईत वेपेरी येथे १९०३ साली सुरू झालेले मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दवाखाना कोणताही निवडा, पण तेथे लहान प्राण्यांवर उपचार होतात का, हे आजारपणाआधीच विचारून ठेवावे.

नाहीच जमले तर?

सगळे करूनही काही जोड्या जमत नाहीत. दोनतीन वेळा रक्त निघाले, तर हट्ट सोडावा. दोन पिंजरे शेजारी ठेवून मध्ये जाळी ठेवली, की दोघांना एकमेकांचा वास, आवाज आणि सोबत मिळते आणि दातही लागत नाहीत. हीसुद्धा सोबतच आहे. त्यासाठी घरात दुसऱ्या पिंजऱ्याची जागा आहे का, हा विचार नवा प्राणी आणण्यापूर्वीच करावा. नको झालेला गिनिपिग बागेत सोडून देणे म्हणजे त्याला कावळ्यामांजरांच्या तोंडी देणे होय.

प्राण्यांविषयीच्या कळवळ्याची चेन्नईत मोठी परंपरा आहे. कलाक्षेत्राच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी संसदेत लावून धरल्यामुळे प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा झाला. कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी याच शहरात ब्ल्यू क्रॉसचे काम सुरू केले. घरातल्या मुलांना तो कळवळा कायद्याच्या पुस्तकातून कळणार नाही. पिंजऱ्याबाहेर आईबाबांसोबत तासभर शांत बसून, मधे न पडता पाहणे आणि गरज पडताच टॉवेल घेऊन धावणे, यातून तो त्यांना कळेल. दोन अनोळखी जीवांना एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो, हे ती तेथेच शिकतील.