आलिशान मोटारींची वॉरंटी आणि दीर्घकालीन दुरुस्तीखर्च : पनवेल परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पनवेल हे कोकणचे प्रवेशद्वार मानले जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा प्रारंभ लगतच्या कळंबोलीत होतो आणि मुंबई-गोवा महामार्ग येथूनच दक्षिणेकडे निघतो. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. सिडकोची साडेबारा टक्के भूखंड योजना आणि विमानतळबाधितांसाठीची साडेबावीस टक्के विकसित भूखंड योजना यांमुळे या तालुक्यातील काही शेतकरी व आगरी-कोळी कुटुंबांच्या हाती प्रथमच मोठे भांडवल आले. ‘एमएच ४६’ या पनवेल परिवहन कार्यालयाच्या क्रमांकाच्या आलिशान परदेशी बनावटीच्या मोटारी आज गावकीच्या रस्त्यांवरही दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

अशा मोटारीच्या खरेदीच्या वेळी किंमत, कर्जाचा हप्ता आणि इंधनाचा खर्च यांची चर्चा होते. वॉरंटी संपल्यानंतरच्या काळाची चर्चा क्वचितच होते. जमिनीच्या मोबदल्याचा पैसा एकदाच येतो, दुरुस्तीचा खर्च मात्र वारंवार येतो. या खर्चाचा खरा भार बहुधा पहिल्या मालकावर नव्हे, तर ती मोटार जुनी म्हणून स्वस्तात विकत घेणाऱ्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकावर पडतो. असे का घडते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वॉरंटीचे स्वरूप

व्यवहारात ‘वॉरंटी’ म्हणजे विक्रेत्याने दिलेली सर्वांगीण हमी असा समज आहे. कायद्याची दृष्टी याहून संकुचित आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ मध्ये ‘अट’ आणि ‘हमी’ यांत भेद केला आहे. अट ही कराराच्या मुख्य उद्देशाला आवश्यक असते व तिचा भंग झाल्यास खरेदीदार करार मोडू शकतो. हमी ही आनुषंगिक असते. तिच्या भंगामुळे नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. मोटार उत्पादकांची छापील वॉरंटी तर ‘सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ’ एवढेच सांगते. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच तत्त्व मान्य केले. वॉरंटीचे कलम भाग बदलून देण्यापुरते असेल, तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश त्यावरून देता येत नाही.

वॉरंटी कोण देतो, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ चे म्हणून २००९ मध्ये बनलेले आणि आधीच ६२२ किलोमीटर चाललेले वाहन विकले गेले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रेत्याच्या कृत्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यास नकार दिला. उत्पादकाला त्या कृत्याची माहिती होती, हे सिद्ध झाले नव्हते. शोरूममधील तोंडी आश्वासन आणि कंपनीची लेखी वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

अर्थशास्त्रात या विषयाचा विचार जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० च्या प्रसिद्ध निबंधापासून सुरू होतो. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखविले, की मालाचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर चांगला माल बाजारातून बाहेर पडू लागतो. हमी हा यावरचा एक उपाय आहे. पुढे १९८१ मध्ये कायद्याचे अभ्यासक जॉर्ज प्रीस्ट यांनी वॉरंटीकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी मांडली. दोष टाळण्याचे जे काम उत्पादक स्वस्तात करू शकतो ते उत्पादकाकडे, आणि जे वापरणारा स्वस्तात करू शकतो ते वापरणाऱ्याकडे, अशी ही वाटणी असते. टायर, ब्रेक पॅड, क्लच, वायपर इत्यादी झिजणारे भाग वॉरंटीतून का वगळले जातात, हे या विवेचनातून उमगते.

किंमत उतरते, सुटे भाग उतरत नाहीत

विश्वसनीयतेच्या शास्त्रात यंत्रातील बिघाडांचा आलेख न्हाणीच्या टबासारखा काढला जातो. आरंभी निर्मितीतील दोषांमुळे बिघाड अधिक असतात, मधला काळ सपाट असतो आणि शेवटी झिजेमुळे रेषा पुन्हा वर चढते. भारतात मर्सिडीज-बेंझ तीन वर्षांची आणि बीएमडब्ल्यू दोन वर्षांची मूळ वॉरंटी किलोमीटरची मर्यादा न ठेवता देत आली आहे. लेक्ससने २०२४ मध्ये ती आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढविली. दोन-तीन वर्षांची वॉरंटी प्रामुख्याने आलेखाच्या पहिल्या उतरत्या भागाला व्यापते. एअर सस्पेन्शनचे रबरी फुगे, स्वयंचलित गिअरबॉक्सचे नियंत्रण एकक, टर्बोचार्जर, शीतक पंप यांची झीज पुढे सुरू होते, तोवर वॉरंटी संपलेली असते.

येथेच या विषयाचे मर्म आहे. मोटारीची बाजारातील किंमत दरवर्षी घसरते, तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र नव्या मोटारीच्या किमतीशी बांधलेली राहते. उदाहरणादाखल असे गृहीत धरू, की ७० लाखांची मोटार सहा वर्षांनी २२ लाखांना विकली गेली आणि तिच्या गिअरबॉक्सच्या दुरुस्तीस ७ लाख खर्च आला. पहिल्या मालकाच्या दृष्टीने हा खरेदी किमतीचा दहावा हिस्सा असतो. दुसऱ्या मालकासाठी तो जवळजवळ एक तृतीयांश होतो. त्याने मोटार २२ लाखांना घेतली तरी देखभाल ७० लाखांच्या मोटारीचीच करावी लागते. २२ लाखांत नवी मध्यम दर्जाची मोटार वॉरंटीसह मिळते, तरीही जुन्या आलिशान मोटारीचा मोह होतो. त्याला केवळ हौस म्हणून हिणवणे योग्य नव्हे, कारण विक्रीच्या वेळी हा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाही.

विम्याच्या बाबतीतही हीच विसंगती आढळते. विम्यासाठी वाहनाचे घोषित मूल्य ठरविताना प्रचलित तक्त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या वाहनावर ५० टक्के घसारा धरला जातो, आणि दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास वाहन ‘पूर्ण हानी’ ठरते. मोटार जुनी असेल तर समोरचे दिवे, संवेदक आणि हवापिशव्या यांच्या खर्चानेच ही सीमा ओलांडली जाऊ शकते. शिवाय साध्या पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि आधुनिक मोटारीच्या बाह्यांगात प्लॅस्टिकचे प्रमाण थोडे नाही. वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील २८ टक्के कर १८ टक्क्यांवर आला, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब होय.

वाढीव वॉरंटीचा हिशेब

मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी पैसे भरून ती वाढविता येते. हा व्यवहार वस्तुतः विम्याचाच आहे आणि त्याचे मूल्यमापनही त्याच पद्धतीने करणे इष्ट ठरते. समजा, दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीस २ लाख रुपये पडतात. या काळात मोठा खर्च न येण्याची शक्यता ७० टक्के, ३ लाखांचा खर्च येण्याची २० टक्के आणि ८ लाखांचा खर्च येण्याची १० टक्के आहे. हे आकडे केवळ गृहीत आहेत. अपेक्षित खर्च ६० हजार अधिक ८० हजार, म्हणजे १ लाख ४० हजार होतो. सरासरीच्या दृष्टीने वॉरंटी ६० हजारांनी महाग पडते. परंतु ही सरासरी कोणत्याही एका मालकाच्या वाट्याला येत नाही. एखाद्याला काहीच खर्च येत नाही, तर एखाद्याला ८ लाख भरावे लागतात.

दहा मोटारी बाळगणाऱ्या कंपनीने वाढीव वॉरंटी न घेता दुरुस्तीसाठी निधी राखून ठेवणे तर्कसंगत आहे. दहा मोटारींत सरासरी बऱ्याच अंशी साधते आणि व्यवसायासाठी केलेला दुरुस्तीखर्च करपात्र उत्पन्नातून वजाही होतो. एकच मोटार असलेल्या आणि नियमित मोठे उत्पन्न नसलेल्या कुटुंबाला मात्र ६० हजारांचा जादा भार सोसूनही वाढीव वॉरंटी घेणे हितावह ठरते. प्रत्यक्षात चित्र पुष्कळदा उलटे दिसते; कंपनीच्या नावावरील मोटारींना सर्व संरक्षण असते आणि ज्याला त्याची निकड अधिक, तो हप्त्यांच्या ओझ्यामुळे तेच प्रथम टाळतो. जुनी मोटार घेताना ही वॉरंटी नव्या मालकाच्या नावे हस्तांतरित होते काय आणि ठरलेल्या मुदतीत अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग झाल्याची नोंद आहे काय, या दोन गोष्टींवर मोटारीच्या किमतीतील रास्त फरक ठरावयास हवा.

वॉरंटी आणि विमा यांमधील फट

पनवेलच्या भूगोलामुळे एक वेगळाच प्रश्न उद्भवतो. गाढी नदीला पूर आला की शहराच्या सखल भागात पाणी शिरते. साचलेल्या पाण्यातून मोटार नेताना इंजिनाच्या हवामार्गातून पाणी आत गेले, तर पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनचे दांडे वाकतात. हा निर्मितीदोष नसल्याने वॉरंटी लागू होत नाही. साधी विमा पॉलिसी पुराने झालेली हानी भरून देते. परंतु पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान आनुषंगिक म्हणून नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. अशा मोटारीचे इंजिन बदलण्याचा खर्च पाहता, पनवेलसारख्या ठिकाणी ही जोड काही बाबतींत वाढीव वॉरंटीहूनही उपयुक्त ठरेल.

रस्त्यांचेही तसेच आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि रखडले. त्या वर्षांतील खड्ड्यांचा अनुभव कोकणवासीयांना सांगावयास नको. कमी उंचीच्या कडांचे टायर आणि हलक्या धातूच्या रिम यांची हानी ‘बाह्य आघात’ म्हणून वॉरंटीबाहेर राहते.

अधिकृत केंद्र की बाहेरचे गॅरेज

वॉरंटी संपल्यावर मालक स्वाभाविकपणे स्थानिक गॅरेजकडे वळतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारामुळे या भागात अवजड वाहनांच्या दुरुस्तीचे कसब मुरलेले आहे. आलिशान मोटारीत मात्र हाताच्या कसबाइतकेच दोषनिदानाच्या संगणक प्रणालीला महत्त्व असते, आणि ती प्रणाली व मूळ सुटे भाग प्रदीर्घ काळ अधिकृत केंद्रांपुरतेच ठेवले गेले. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी यावरच बोट ठेवले. सुटे भाग व निदानसाधने खुल्या बाजारात न देणे हा वर्चस्वाचा गैरवापर ठरवून १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड आयोगाने ठोठावला. त्यांत मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, स्कोडा व फोक्सवॅगनही होत्या. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करता येणार नाही. सदोष दुरुस्तीमुळे जेवढी हानी झाली तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवून दंडाचा आधार मात्र घटविला. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. या घडामोडींचा लाभ पनवेलच्या गॅरेजपर्यंत अद्याप पुरेसा झिरपलेला दिसत नाही.

दाद मागण्याची वाट

९ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीज मोटारींसंबंधीच्या दोन जुन्या प्रकरणांचा निकाल दिला. एकात, २००३ मध्ये कंपनीने घेतलेल्या मोटारीचा मधला उंचवटा अतिशय तापत असल्याची तक्रार होती. न्यायालयाने ३६ लाख रुपये देण्यास सांगितले. दुसऱ्यात अपघातावेळी हवापिशव्या न उघडल्याचा प्रश्न होता. संचालकांच्या वापरासाठी घेतलेली मोटार ‘व्यापारी हेतूची’ ठरत नाही, म्हणून कंपनीही ग्राहक म्हणून दाद मागू शकते, हे या निकालाने स्पष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी, सप्टेंबर २००९ मध्ये खरेदी झालेल्या एका बीएमडब्ल्यू मोटारीबाबत ५० लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने केला. तिन्ही प्रकरणांत तक्रारदार कंपन्या होत्या. दीड-दोन दशके लढण्याचे बळ सामान्य मालकापाशी असणे कठीण आहे.

डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे आणि त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे तक्रार करावी लागते. म्हणजे ७० लाखांची नवी मोटार घेणाऱ्या पनवेलकराला मुंबईस राज्य आयोगाकडे, तर तीच मोटार विक्रेत्याकडून २२ लाखांना घेणाऱ्याला अलिबागच्या रायगड जिल्हा आयोगाकडे जावे लागते. एखाद्या खासगी व्यक्तीकडून परस्पर घेतली असल्यास त्या व्यक्तीविरुद्ध ग्राहक म्हणून सहसा दाद मागता येत नाही. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि दोष तपासणीवाचून ठरविता येत नसेल तर आयोग वाहन वा त्याचा भाग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्या वेळी आधार उरतो तो सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डाचा. त्यावर ‘गाडीत आवाज येतो’ एवढेच लिहिलेले असेल आणि किलोमीटर, तारीख व बिघाडाचे नेमके वर्णन नसेल, तर दोष वॉरंटीच्या काळातच उद्भवला होता हे पुढे दाखविणे अवघड जाते. आणि मोटार तोवर विकली गेली असेल, तर ते कार्ड बहुधा नव्या मालकाच्या हाती पोहोचलेलेही नसते.