मुठीतले महिने

कोणत्या महिन्याचे दिवस किती, हे लक्षात ठेवायला आम्ही लहानपणी एक युक्ती शिकलो. ती अजून कामी येते.

डाव्या हाताची मूठ वळा. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे दिसतात. त्यांच्या मधे तीन खळगे असतात. करंगळीकडून मोजायला लागा. उंचवटा जानेवारी, खळगा फेब्रुवारी, पुन्हा उंचवटा मार्च. असे करीत शेवटच्या उंचवट्यावर जुलै येतो. आता परत करंगळीच्या उंचवट्यावर या, आणि ऑगस्ट म्हणा. तिथून डिसेंबरपर्यंत चला.

उंचवट्याचा महिना 31 दिवसांचा, खळग्याचा 30 चा. एकटा फेब्रुवारी 28 चा. 2028 साली मात्र त्याचे 29 होतील. चैत्र-वैशाख हे महिने चंद्रावर चालतात. त्यांना ही मूठ लागू नाही.

पोरखेळ वाटतो ना? पण ज्याच्या दारी शेळी आहे, त्याने बघावे. शेळी सुमारे 150 दिवसांनी विते. आपण सरळ पाच महिने म्हणतो. 10 जुलैला बोकड दाखवला, तर 10 डिसेंबर धरतो. आता मुठीवर मोजा. जुलैचे उरलेले 21, ऑगस्टचे 31, सप्टेंबरचे 30, ऑक्टोबरचे 31, नोव्हेंबरचे 30. झाले 143. राहिले 7. म्हणजे 7 डिसेंबर. तीन दिवस आधीच! त्यातून शेळी चार दिवस मागेपुढे करतेच. तेव्हा डिसेंबर लागला, की तिला लांब रानात नेऊ नये. घराजवळ कोरड्या जागी बांधावी. थंडीच्या दिवसांत ती उघड्यावर व्याली, तर ओले करडू गारठते.