पंचांगातील श्रद्धा व गणित

धर्मश्रद्धा आणि विज्ञानकार्य यांचे सख्य संभवते काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा गॅलिलिओच्या नावाने सुरू होते व त्याच्याच नावाने संपते. परंतु या प्रश्नाचे एक उत्तर सोलापुरात शंभरांहून अधिक वर्षे दरसाल छापून निघत आहे. लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी येथे सुरू केलेले दाते पंचांग आजही महाराष्ट्रात घरोघरी पाहिले जाते. एकाच पानावर ग्रहांचे गणित व व्रतांचा निर्णय एकत्र नांदत असल्यामुळे प्रस्तुत प्रश्नाच्या परीक्षणास पंचांग हे साधन विशेष सोयीचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'शास्त्र' हा शब्द 'शास्' या धातूपासून आला असून त्या धातूत आज्ञा करणे व शिकविणे हे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे मराठीत धर्मशास्त्रही 'शास्त्र' आणि रसायनशास्त्रही 'शास्त्र'च. 'शास्त्रात असे सांगितले आहे' हे वाक्य एका ठिकाणी विधी सांगते, तर दुसऱ्या ठिकाणी शोध सांगते. विधी पाळावयाचा असतो, शोध तपासावयाचा असतो. 'श्रद्धा' या शब्दातील 'श्रत्' व 'धा' हे घटक लॅटिन 'क्रेदो' या शब्दाचे सगोत्र असून त्यांचा मूळ अर्थ 'हृदय ठेवणे' असा मानला जातो. याउलट ज्योतिर्गणितातील 'दृक्प्रत्यय' या संज्ञेचा अर्थ डोळ्यांना येणारी प्रचीती असा आहे. हृदय ठेवणे व डोळ्यांनी पडताळणे या दोन क्रिया भिन्न आहेत. त्या परस्परविरोधी आहेत काय, एवढाच प्रश्न उरतो.

पंचांगात तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर गणिताचा. चंद्राला सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास लागणारा काळ म्हणजे एक तिथी. हा काळ आकाशात मोजता येतो. दुसरा थर निर्णयाचा. कोणते व्रत कोणत्या वेळी तिथी असता करावे, हे धर्मशास्त्र सांगते. तिसरा थर फलाचा, म्हणजे ग्रहस्थितीवरून मनुष्याचे भविष्य सांगण्याचा. श्रद्धा व विज्ञान यांचा संबंध या तीन थरांत तीन प्रकारचा आहे.

पहिल्या थरात श्रद्धा ही गणिताची प्रेरक ठरली, हे विसरता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरची एकादशी घ्या. भागवत संप्रदायाच्या नियमानुसार अरुणोदयकाळी, म्हणजे सूर्योदयापूर्वी चार घटिका, दशमीचा स्पर्श असता ती एकादशी उपवासास चालत नाही. उपवास दुसऱ्या दिवशी करावा लागतो. अशा वेळी गणितात दोन-तीन घटिकांची चूक झाली, तर व्रताचा दिवसच बदलावा. ज्याला व्रत मनापासून पाळावयाचे आहे, त्याला अचूक आकाश हवे असते.

तथापि, श्रद्धेय वस्तू व्रताऐवजी आकडा झाली की संघर्ष उद्भवतो. गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) मध्ये 'ग्रहलाघव' रचून ज्यांच्या कोष्टकांवाचून ग्रहगणित सुलभ केले. महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके त्यावर चालली आणि लहान चुका साचत गेल्या. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने शके १७८७ (इ. स. १८६५) पासून नव्या गणिताचे पंचांग काढले, ते 'पटवर्धनी' म्हणून ओळखले गेले. पुढे वाद माजला तो 'बाणवृद्धी रसक्षय' या नियमावर. तिथी साठ घटिकांहून फार तर पाच घटिकांनी वाढते व सहा घटिकांनी घटते, असे परंपरावादी म्हणत. प्रत्यक्ष वेध मात्र सात घटिकांची वृद्धी व दहा घटिकांचा क्षय दाखवीत होते. जुन्या ग्रंथकारांनी आपल्या काळच्या वेधावरून बांधलेला अंदाज येथे आज्ञा बनला होता. 'शास्त्र' शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते.

या मिसळीची किंमत मोठ्या बुद्धिमंतांनाही द्यावी लागली आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या आपल्या ग्रंथात ग्रहण छायेच्या गणिताने साधले, आणि तरीही राहूविषयीच्या शास्त्रवचनांची बाजू घेऊन आर्यभटादिकांना दोष दिला. अल् बीरूनीने पुढे त्याच्यावर नेमका हाच आक्षेप घेतला. आपल्याच गणिताविरुद्ध बोलावयास लावणारे सख्य हे सख्य नव्हे. याउलट करमाळा तालुक्यातील जेऊर येथे २२ जानेवारी १८९८ रोजी पुण्याचे कावसजी नायगमवाला व अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. ग्रहणस्नान करणाराला व वर्णपट घेणाराला चंद्राची छाया एकाच क्षणी गाठते. स्नान करणाराचे त्या गणिताशी काही भांडण असण्याचे कारण नाही.

दुसऱ्या थरात विज्ञानाची मर्यादा दिसते. राशिचक्राचा आरंभबिंदू चित्रा ताऱ्यावरून ठरवावा की रेवतीतील ताऱ्यावरून, यावर दाते पंचांग व टिळक पंचांग यांत मतभेद आहे. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर असल्याने संक्रांती सुमारे चार दिवसांनी मागेपुढे होतात. त्यामुळे क्वचित अधिक मास निराळा येऊन गणेशोत्सवात महिन्याचा फरक पडतो. दोन्ही पंचांगांतील चंद्र मात्र आकाशात एकाच जागी असतो. आरंभ कोठे मानावा, हे कोणतीही दुर्बीण सांगू शकत नाही. तो संकेत आहे. तसेच, सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला होते हे ठाऊक असूनही सिद्धेश्वराची यात्रा जानेवारीतील मकरसंक्रांतीलाच भरते, यात असत्य काही नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली अहवाल दिला. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. त्यानुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, परंतु लोकांचे सण निरयन पद्धतीनेच चालू राहिले.

तिसऱ्या थराची गोष्ट वेगळी. फलज्योतिष घटनांविषयी विधान करते. म्हणून ते पडताळणीस पात्र आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली अशी चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन त्यांची निवड करावयास सांगितले. भाग घेतलेल्या ५१ पैकी २७ जणांनी उत्तरे पाठविली. ती बरोबर येण्याचे सरासरी प्रमाण निम्म्याहूनही कमी भरले. नाणे उडवूनही याहून वाईट उत्तर आले नसते. येथे 'आमची श्रद्धा आहे' हे उत्तर पुरेसे नाही. कारण विधान हृदयाविषयी नसून जगाविषयी आहे.

तात्पर्य, श्रद्धावान मनुष्याला विज्ञानकार्य करता येते, हे पंचांगकर्त्यांच्या परंपरेने दाखविले आहे. अट एकच: 'पाळावे' व 'आहे' ही दोन क्रियापदे त्याने एकमेकांच्या जागी वापरू नयेत. 'एकादशीला उपवास करावा' या वाक्याला वेधशाळेचा आधार लागत नाही. 'एकादशी अमुक वेळी संपते' या वाक्याला त्यावाचून गत्यंतर नाही. व्याकरण शिकविताना विध्यर्थ व स्वार्थ यांतील जो भेद आपण विद्यार्थ्यांना प्रारंभीच सांगतो, तोच भेद या मोठ्या वादातही पुष्कळसा प्रकाश पाडू शकेल.