पावसाळी मुलखातील गरम पाणी : उष्णता-पंपाचे कार्य आणि निगा

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याला दोन प्रकारचे हवामान लाभले आहे. पूर्वेकडे हिंजवडी, भूगाव, पिरंगुट या परिसरात गृहसंकुले, वसतिगृहे व कारखाने उभे राहिले आहेत. तर पौड ओलांडून ताम्हिणी घाटाच्या दिशेने निघाले की सह्याद्रीचा अतिपर्जन्याचा पट्टा सुरू होतो. अंघोळीसाठी लागणाऱ्या गरम पाण्याचा प्रश्न या दोन्ही भागांत पावसाळ्यातच अधिक जाणवतो. छपरावरील सौर जलतापक वर्षातील सात-आठ महिने उत्तम काम देतो. परंतु आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. सरपण ओले असते. साहजिकच विजेच्या गिझरवर भार पडतो.

विजेचे मोल मुळशीला नव्याने सांगावयास नको. ज्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला आणि ज्याचे नेतृत्व सेनापती बापटांनी केले, त्याच धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरून रायगड जिल्ह्यातील भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण करीत आले आहे. ज्या विजेसाठी गावे पाण्याखाली गेली, ती काटकसरीने वापरणे हे सर्वांचेच कर्तव्य ठरते. या दृष्टीने उष्णता-पंप या साधनाची ओळख करून घेणे उपयुक्त होईल.

उष्णता निर्माण नव्हे, उष्णतेची वाहतूक

विजेच्या गिझरमध्ये तापणारी कांडी विजेचे रूपांतर उष्णतेत करते. एक युनिट वीज खर्च केली की फार तर एक युनिट उष्णता मिळते. उष्णता-पंपाची रीत निराळी आहे. तो बाहेरच्या हवेतील उष्णता गोळा करतो आणि टाकीतील पाण्याला नेऊन देतो. वीज लागते ती या वाहतुकीपुरती.

भिरा येथेच याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील १५० मेगावॉटचा एक संच उलट दिशेनेही चालू शकतो आणि खाली आलेले पाणी वीज खर्चून पुन्हा वर मुळशीच्या जलाशयात चढवितो. पाणी जसे आपणहून उताराकडे वाहते, तशी उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. ती उलट दिशेने न्यावयाची तर पंप हवा. चढ जितका अधिक, तितकी वीज अधिक, हा नियम दोन्ही ठिकाणी सारखाच लागू पडतो.

ही कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी तिची मांडणी १८५२ मध्ये केली. स्वित्झर्लंडमधील झुरिक नगरभवन १९३८ पासून नदीच्या पाण्यातील उष्णतेने उबदार ठेवले जाऊ लागले. आपल्या घरातील शीतकपाट हाही एक उष्णता-पंपच होय. आतील उष्णता तो मागील जाळीवाटे बाहेर टाकतो.

यंत्राचे चार भाग

मातीच्या माठातील पाणी थंड का होते? माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते व त्यासाठी लागणारी उष्णता ते माठातून घेते. उलटपक्षी, वाफ थंड झाकणावर पाणी होऊन जमते तेव्हा तीच उष्णता ती परत देते. उष्णता-पंपात हे काम प्रशीतक नावाचा द्रव करतो. कमी दाबाखाली तो साध्या हवेच्या तापमानालाही उकळतो.

पहिला भाग बाष्पक. पंख्याने खेचलेली हवा त्याच्या पातळ पत्र्यांमधून वाहते आणि आतील प्रशीतकाची वाफ होते. दुसरा भाग कॉम्प्रेसर. तो ही वाफ दाबतो व दाबामुळे ती पुष्कळ तापते. तिसरा भाग संघनक. येथे तप्त वाफ आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होते. चौथा भाग प्रसरण झडप. तीतून जाताना द्रवाचा दाब उतरतो, तो थंड होतो आणि पुन्हा बाष्पकाकडे जातो.

आता हिशोब पाहू. २०० लिटर पाणी २२ अंशांवरून ५२ अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ७ युनिट उष्णता लागते. साध्या गिझरला तेवढीच वीज लागेल. एका युनिट विजेत ३ युनिट उष्णता वाहून नेणाऱ्या उष्णता-पंपाला मात्र सुमारे सव्वादोन ते अडीच युनिट पुरतात. पावसाळ्यातील दमट हवा त्याला अनुकूल असते, कारण हवेतील बाष्प थंड पत्र्यांवर जमताना आपली उष्णताही देऊन जाते. यंत्राखाली पाणी ठिबकते ते यामुळेच. त्यास गळती समजू नये. मात्र त्या पाण्याला निचऱ्याची वाट करून द्यावी.

बचत टिकविण्यासाठी

यंत्राभोवती हवा खेळती असावी. ते बंद खोलीत किंवा भिंतीच्या कोनाड्यात बसविल्यास तीच थंड झालेली हवा पुन्हा आत ओढली जाते व विजेचा खर्च वाढतो. पंख्याचा आवाज शेजाऱ्यांच्या शयनगृहाकडे जाणार नाही, हेही पाहावे. पत्र्यांवर पाने, धूळ व पक्ष्यांची घरटी साचतात. मुख्य स्विच बंद करून मऊ ब्रशने व हलक्या धारेने ती साफ करावीत. हिवाळ्यात पहाटेपेक्षा दुपारी यंत्र चालवावे, कारण दुपारची हवा उबदार असते व चढ कमी पडतो. टाकीला व नळांना उष्णतारोधक आवरण असावे. विंधनविहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास नळ्यांवर थर बसतो. तो वेळोवेळी काढून घ्यावा आणि टाकीला गंजापासून वाचविणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी.

सुरक्षिततेच्या तीन बाजू

पहिली बाजू विजेची. पाणी आणि वीज एकत्र येतात तेथे अर्थिंगला पर्याय नाही. यंत्रासाठी स्वतंत्र वायरिंग, योग्य क्षमतेचा एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. असावा. आर.सी.सी.बी.चे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो वारंवार तुटत असेल तर त्याला वगळून जोडणी करणे म्हणजे धोक्याची सूचना देणाऱ्याचेच तोंड बंद करणे होय. अशा वेळी यंत्र बंद ठेवून परवानाधारक वीजतंत्र्यास बोलवावे. घाटमाथ्यावर वादळात वीज जाते-येते. ती परत आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ नये, यासाठी काही मिनिटांचा विलंब ठेवणारी व्यवस्था यंत्रात आहे किंवा कसे, याची खात्री करावी.

दुसरी बाजू दाबाची. पाणी तापले की प्रसरण पावते. वर सांगितलेल्या २०० लिटरमध्ये सुमारे दोन लिटरची भर पडते. बंद टाकीत या वाढीव पाण्याला वाट मिळाली नाही तर टाकी फुटू शकते. त्यासाठी सुरक्षा झडप असते. तिच्यातून थोडे पाणी ठिबकते म्हणून ती खुंटी ठोकून वा टोपण बसवून बंद करू नये. तिची नळी खाली उतरती व तोंडाशी खुली असावी. सहा महिन्यांतून एकदा तिची कळ उचलून पाणी वाहते काय, हे पाहावे. ते पाणी कढत असते, म्हणून बाजूला उभे राहावे.

तिसरी बाजू प्रशीतकाची. आर-१३४ए व आर-४१०ए हे पेट घेत नाहीत, परंतु वातावरणात सुटल्यास पृथ्वीच्या तापमानवाढीस हातभार लावतात. म्हणूनच माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. नव्या यंत्रांतील आर-२९० हे मात्र प्रोपेन होय. स्वयंपाकाच्या गॅसमधील हाच एक घटक. तो पेटतो आणि हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो. यास्तव यंत्राच्या पाटीवर प्रशीतकाचे नाव वाचून ठेवावे. गळतीचा संशय आल्यास जवळ ज्योत वा ठिणगी येऊ देऊ नये, जागा मोकळी करावी आणि प्रशिक्षित तंत्रज्ञालाच बोलवावे. गळती न शोधता वरचेवर प्रशीतक भरणे किंवा एकाऐवजी दुसरे भरणे हे दोन्ही वर्ज्य समजावे.

पाण्याच्या तापमानाबाबतही विवेक हवा. घरगुती वापरास ५० ते ५५ अंश पुरतात. मोठ्या टाक्यांत मात्र कोमट पाणी दीर्घकाळ साठल्यास लिजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात. म्हणून वसतिगृहांत ते ६० अंशांपर्यंत तापवावे. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. मुलांच्या नळाला ते थंड पाण्यात मिसळूनच पोहोचेल, अशी मिश्रण-झडप बसवावी.

संस्थांनी घ्यावयाची दक्षता

यंत्र चुलीप्रमाणे धूर सोडत नाही, की बंद न्हाणीघरातील गॅस गिझरप्रमाणे विषारी कार्बन मोनॉक्साइडचे भय निर्माण करीत नाही. हा त्याचा मोठा गुण होय. परंतु त्याची किंमत गिझरपेक्षा पुष्कळ अधिक असते आणि निगेअभावी ते बंद पडले तर हा खर्च वाया जातो. आश्रमशाळा, वसतिगृह वा ग्रामपंचायतीच्या इमारतीसाठी खरेदी करताना केवळ सर्वांत कमी दर पाहू नये. अर्थिंगच्या तपासणीचा दाखला, वार्षिक देखभालीचा करार, जवळपास तंत्रज्ञाची उपलब्धता आणि कर्मचाऱ्यांना मराठीतून प्रशिक्षण, या अटी निविदेत असाव्यात. वीज-मापकाची नोंद, सुरक्षा झडपेची चाचणी व सफाईची तारीख एका साध्या वहीत लिहिली जावी. विज्ञान शिक्षकांनी ही वही विद्यार्थ्यांकडे सोपविली, तर खर्च झालेले युनिट आणि तापलेले पाणी यांचा हिशोब मांडता मांडता ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा वर्गाबाहेर शिकता येईल, आणि वापर अचानक वाढला तर बिघाडही वेळीच ध्यानात येईल.