तीन पिढ्यांचा अबोला : ‘त्रिभंग’

पिता-पुत्रांत बेबनाव झाला की तो लपत नाही. पेढीवर दोन गाद्या होतात, दुकानाच्या फलकावरील नाव बदलते आणि आठवड्याभरात साऱ्या मोंढ्याला वार्ता कळते. माता आणि कन्या यांच्यातील दुराव्याला असा फलक नसतो. मुलगी सणावाराला माहेरी येते, ओटी भरून घेते, जेवते आणि परत जाते. दोघींमध्ये कित्येक वर्षांत एकही मोकळा शब्द झालेला नाही, हे शेजारच्या खोलीतही कळत नाही. चित्रपटसृष्टीने भाऊबंदकी आणि सासू-सून यांवर अमाप रिळे खर्च केली. या अबोल्याकडे मात्र क्वचितच पाहिले. १५ जानेवारी २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झालेला ‘त्रिभंग’ हा अशा मोजक्या चित्रपटांपैकी एक होय.

लेखन-दिग्दर्शन रेणुका शहाणे यांचे. दूरदर्शनवरील ‘सुरभि’मुळे त्या जालन्यापासून भोकरदनपर्यंत घरोघरी परिचित आहेत. त्यांच्या मातोश्री शांता गोखले या नामवंत लेखिका. त्यांच्या ‘रिटा वेलिणकर’ या कादंबरीवर रेणुकाताईंनी २००९ मध्ये ‘रिटा’ हा मराठी चित्रपट केला होता. ‘त्रिभंग’ची भाषा मुख्यतः हिंदी असली, तरी घर मराठी आहे आणि संवादांत मराठी सहजपणे येते.

नयनतारा आपटे ही प्रथितयश लेखिका. तिचे लेखन सासूला खपत नाही आणि पती आईपुढे बोलत नाही, तेव्हा ती दोन्ही मुलांना घेऊन घर सोडते. तिचे लेखन बहरते. मुलांचे बालपण मात्र करपते. ज्या पुरुषाला ती पुढे घरात आणते, त्याच्याकडून मुलीवर अत्याचार होतो आणि शब्दांत गढलेल्या आईला त्याचा पत्ताही लागत नाही. ही मुलगी म्हणजे अनुराधा, पुढे ओडिसी नृत्यांगना आणि अभिनेत्री म्हणून गाजलेली. ती आईला ‘आई’ म्हणत नाही, नावाने हाक मारते. मेंदूच्या विकाराने नयनतारा कोमात जाते आणि अनुराधेला रुग्णालयात यावे लागते, तेथून कथा उलगडते.

पटकथेचे खरे बळ येथे आहे. भांडायला आलेल्या मुलीसमोर आई निःशब्द पडलेली आहे. तिची बाजू कळते ती ध्वनिचित्रमुद्रणांतून, कारण मिलन नावाचा एक तरुण तिचे आत्मचरित्र टिपून घेत होता. हा मिलन अतिशुद्ध हिंदी बोलतो आणि अनुराधेच्या तोंडी शिव्यांची लाखोली असते. चित्रपटातील विनोद बहुतांशी या विजोडपणातून येतो. काही ठिकाणी तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, हेही खरे.

तिसरी पिढी माशाची. अविवाहित आईच्या पोटी जन्मल्यामुळे शाळेत बोल ऐकत वाढलेली ही नात जाणीवपूर्वक परंपरानिष्ठ एकत्र कुटुंबात विवाह करते. अनुराधेला हे पराभवासारखे वाटते, माशाला मात्र तो आसरा वाटतो. आपल्या मुलीने आपल्याला दोषी धरले आहे, हे अनुराधेला प्रथमच कळते. तिने नयनतारेवर ठेवलेला आरोप शब्दांच्या थोड्या फरकाने तिच्याच दारी येतो. हा प्रसंग अधिक विस्ताराने यायला हवा होता. दिग्दर्शिकेने तो घाईने उरकला आहे.

शीर्षकाचा अर्थही येथेच लागतो. त्रिभंग म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेली ओडिसीतील देहाकृती. अनुराधेच्या मते आई अभंग, माशा समभंग आणि आपण स्वतः त्रिभंग, म्हणजे वाकडीतिकडी.

तन्वी आझमी, काजोल आणि मिथिला पालकर यांनी या तिघी साकारल्या आहेत. तन्वी या उषा किरण यांच्या कन्या, काजोल तनुजांची कन्या आणि शोभना समर्थांची नात. शोभनाबाईंनी १९५० मध्ये ‘हमारी बेटी’ काढून नूतनला पडद्यावर आणले, १९६० मध्ये ‘छबिली’ दिग्दर्शित करून तनुजाला नायिका केले. पुढे आर्थिक व्यवहारावरून शोभनाबाई आणि नूतन यांच्यात वितुष्ट आले आणि सुमारे दोन दशके टिकले. १९८३ मध्ये समेट झाला. १९९१ मध्ये नूतन गेल्या. हिशेब केला तर वीस वर्षांच्या अबोल्यानंतर मायलेकींच्या वाट्याला आठ वर्षे आली.

व्यापारी घरांतही या दुराव्याचे मूळ बहुधा एखाद्या कागदात सापडते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तोवर विवाह झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. जैन कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. तरीही राखीच्या आगेमागे हक्कसोडपत्र पुढे केले जाते, मुलगी सही करते आणि आई मान खाली घालून बसते. मुलीच्या मनात भावाच्या मागणीपेक्षा आईचे ते गप्प बसणे अधिक काळ सलते. नयनतारेचा अपराध याच जातीचा आहे: तिने काही केले नाही, फक्त पाहिले नाही.

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवताना आडत्या, ग्राहक, व्याही, सारे मोबाइलच्या यादीत असतात. एका स्पर्शात शेकडो जणांची क्षमा मागून होते. मुलीचा क्रमांकही त्याच यादीत असतो आणि तिलाही तोच छापील संदेश जातो. कोणत्या गोष्टीची क्षमा, हे तिने विचारायचे नसते. अनुराधेला ते विचारावेसे वाटले, तेव्हा उत्तर देणारी व्यक्ती शुद्धीवर नव्हती.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. भाषा भडक आहे आणि अत्याचाराचा विषय आहे, म्हणून लहान मुलांसमवेत तो पाहू नये. माहेरी आलेल्या विवाहित मुलीसमवेत आईने पाहावा. दुपारी, पुरुष मंडळी दुकानावर गेल्यावर.