अक्षरसंचावरून शब्दशोध

अक्षरसंचावरून शब्दशोध म्हणजे दिलेली सर्व अक्षरे ज्यांच्या लेखनात आढळतात असे शब्द, शक्यतो अधिक लांबीचे, शोधून काढणे होय. हा इंग्रजी शब्दखेळांतील परिचित प्रकार आहे. यात दिलेल्या अक्षरांखेरीज इतर अक्षरेही शब्दात चालतात. नुसत्या फेरमांडणीच्या खेळात ती चालत नाहीत. उदाहरणार्थ, 'लिसन' आणि 'सायलेंट' हे इंग्रजी शब्द नेमक्या त्याच सहा अक्षरांचे आहेत. पुढील विवेचनात ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या नावांच्या रोमन लेखनातील अक्षरे उदाहरणादाखल घेतली आहेत.

संच आणि बहुसंच

शालेय गणितातील संचात एखादा घटक पुन्हा लिहिला तरी संच बदलत नाही. ज्या समूहात पुनरावृत्ती मोजली जाते, त्यास बहुसंच म्हणतात. शब्दशोधात यांपैकी कोणता नियम लावायचा हे आधी ठरवावे लागते, कारण त्यानुसार उत्तरे बदलतात.

ठाण्याच्या नावाची रोमन लिपीतील रूपे काळानुसार बदलली आहेत. आज ते 'टी-एच-ए-एन-ई' असे लिहिले जाते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८२ मधील तेराव्या खंडात ते 'टी-एच-ए-एन-ए' असे आहे. त्याहून जुन्या इंग्रजी लेखनात 'टी-ए-एन-एन-ए-एच' असेही रूप आढळते. पुनरावृत्ती मोजल्यास या तीन रूपांची उत्तरे पुढीलप्रमाणे वेगळी होतात :

* एलिफंट (८ अक्षरे) आणि इनहेरिटन्स (११ अक्षरे) : आजच्या रूपातील पाचही अक्षरे आहेत, परंतु 'ए' एकदाच येत असल्याने उरलेल्या दोन रूपांना हे शब्द लागू पडत नाहीत.
* मॅरथॉन (८ अक्षरे) : 'ए' दोनदा येतो, म्हणून गॅझेटियरमधील रूपास चालतो, 'ई' नसल्याने आजच्या रूपास चालत नाही.
* कॅरॅक्टरायझेशन (१६ अक्षरे) : या दोन्ही रूपांस चालतो, 'एन' एकच असल्याने सर्वांत जुन्या रूपास चालत नाही.
* ट्रान्सह्यूमन्स (१२ अक्षरे, टी-आर-ए-एन-एस-एच-यू-एम-ए-एन-सी-ई) : तिन्ही रूपांस चालतो. पशुपालकांचे ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर असा त्याचा अर्थ आहे. पावसाळा संपल्यावर देशावरून कोकणात मेंढरे घेऊन उतरणारे धनगर हे त्याचे महाराष्ट्रातील उदाहरण होय.

शब्दसंग्रह कोणता मानायचा, हा दुसरा नियम होय. 'मॅनहॅटन' या नावात सर्वांत जुन्या रूपातील सर्व अक्षरे आहेत. परंतु विशेषनामे वर्ज्य असलेल्या खेळात ते बाद ठरते. याउलट आजचे 'टी-एच-ए-एन-ई' हे रूप इंग्रजी कोशांतही सापडते. 'थेन' असा उच्चार असलेला तो शब्द जुन्या इंग्लंड-स्कॉटलंडमधील सरदाराचा वाचक असून शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात तो येतो.

हाताने शोधण्याची रीत

लांब शब्द सहसा एकसंध आठवत नाहीत. ते उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय यांच्या जोडणीतून सापडतात. प्रथम संचातील दुर्मिळ अक्षर निवडावे, कारण त्याने शक्यता सर्वाधिक घटतात. स्क्रॅबल या खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत एकूण १०० सोंगट्या असून 'ई'च्या १२, तर 'के'ची केवळ एक असते. यावरून अक्षरांच्या वापरातील तफावत लक्षात येते.

कल्याण या नावात के, ए, एल, वाय, ए, एन ही अक्षरे आहेत. इंग्रजीतील 'अन' या नकारार्थी उपसर्गातून 'एन' मिळते आणि 'एबली' या क्रियाविशेषण घडविणाऱ्या प्रत्ययातून 'ए', 'एल' व 'वाय' मिळतात. आता 'के' आणि आणखी एक 'ए' असलेला मूळ शब्द तेवढा हवा. 'स्पीक' घेतल्यास अनस्पीकेबली (११ अक्षरे), 'मिस्टेक' घेतल्यास अनमिस्टेकेबली (१२) आणि 'रिमार्क' घेतल्यास अनरिमार्केबली (१२) हे शब्द हाती येतात.

प्रत्येक संच असा सहज सुटत नाही. डोंबिवलीच्या डी, ओ, एम, बी, आय, व्ही, एल, आय या अक्षरांपैकी 'डी' वगळता सर्व अक्षरे इम्मूव्हेबिलिटी (१२ अक्षरे) या शब्दात आहेत; एका अक्षराच्या अभावी तो बाद होतो.

संगणकीय रीत

संगणकावर शब्दसूचीतील प्रत्येक शब्दासाठी २६ अंकांची ओळ तयार करता येते. शब्दात अक्षर असल्यास त्याच्या जागी १, नसल्यास ० लिहितात. दिलेल्या संचाच्या ओळीत जेथे १ आहे, तेथे शब्दाच्या ओळीतही १ असेल तर शब्द पात्र ठरतो. ही तपासणी अतिशय वेगवान असते. परंतु तिला पुनरावृत्ती कळत नाही. बहुसंचासाठी ० आणि १ ऐवजी प्रत्येक अक्षराची संख्या नोंदवून तुलना करावी लागते. पात्र शब्द लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावले की सर्वांत लांब शब्द वर येतो.

देवनागरीतील प्रश्न

मराठीत हाच खेळ खेळताना 'अक्षर' कशास म्हणायचे हे ठरवावे लागते. मराठी शब्दकोड्यांत काना-मात्रेसह पूर्ण अक्षर एका चौकटीत लिहितात. त्यामुळे 'ठाणे' हा शब्द दोन चौकटींचा होतो. युनिकोड या संगणकीय संकेतप्रणालीत मात्र त्याचे ठ, काना, ण आणि मात्रा असे चार घटक होतात. 'गाठणे' आणि 'पाठवणे' या शब्दांत हे चारही घटक आहेत. परंतु 'ठा' हे अक्षर नाही. 'ठासणे' या शब्दात मात्र 'ठा' आणि 'णे' ही दोन्ही अक्षरे आहेत. म्हणून इंग्रजीसाठी तयार केलेली रीत देवनागरीस जशीच्या तशी लावल्यास शब्दकोड्याच्या नियमात न बसणारे शब्दही उत्तरांत येतात.