कच्च्या कोकोची पंचवीस वर्षं

बीड जिल्ह्यातल्या पालीच्या शिवारात कोको पिकत नाही. त्या झाडाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दमट हवा आणि माथ्यावर सावली लागते; या जिल्ह्यात सरासरी सातशे मिलिमीटरही पडत नाही. तरी ‘रॉ कोको पावडर’ मोबाइलवरून मागवली की बिंदुसरा नदीच्या काठापर्यंत घरपोच येते. पाकिटावर लिहिलेलं असतं: हृदयाला उत्तम, मॅग्नेशियम भरपूर, लोहाचा खजिना. हे दावे आले कुठून आणि त्यातले टिकले किती, हे एकदा नीट पाहायला हवं. कारण शेवटचा दावा आपल्याकडच्या बायकांच्या दुखण्यावर बोट ठेवणारा आहे.

सुरुवात पनामाच्या सान ब्लास बेटांवरून झाली. तिथल्या कुना आदिवासींचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही, पण तीच माणसं पनामा शहरात राहायला गेली की वाढतो, असं हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांच्या गटानं 1997 मध्ये मांडलं. बेटावरचे लोक रोज कित्येक कप कोको पीत. कोकोतली फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढवतात आणि वाहिन्या सैलावतात, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं. अर्थात शहरात गेल्यावर माणसाचा कोकोच तेवढा सुटत नाही. जेवण, मेहनत, झोप, सगळंच बदलतं. जाहिरातींनी कोको उचलला आणि बाकीचं मागे राहिलं.

पुढे चाचण्या झाल्या. 2012 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं रोज 200 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलमुळे रक्तवाहिन्यांची लवचिकता राखायला मदत होते, एवढं मान्य केलं. 2017 मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात 35 चाचण्यांचा हिशेब लागला: रक्तदाब सरासरी पावणेदोन अंकांनी उतरला. उतरला हे खरं, पण गोळी बंद करण्याइतका नाही. 2022 मध्ये ‘कॉसमॉस’ या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साठी ओलांडलेल्या 21,442 जणांपैकी निम्म्यांना रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल दिल्या होत्या. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र 27 टक्क्यांनी कमी दिसले. पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून संशोधक जपून बोलतात. शिवाय या चाचणीला चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचं पाठबळ होतं, हेही ध्यानात ठेवावं. आणि तिथे दिला तो अर्क होता, चमचाभर पावडर नव्हे.

‘कच्चा’ म्हणून जो कोको विकतात, तोही झाडावरून थेट पाकिटात येत नाही. फळ फोडलं की पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया निघतात. त्यांचा ढीग केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवतात. ढीग आतून पन्नास अंशांच्या जवळ तापतो, शिरक्यासारखा वास सुटतो, आणि तिथेच बीचा कडूपणा व फ्लॅव्हनॉल दोन्ही घटू लागतात. मग वाळवणं. कच्च्या कोकोत फक्त भाजणं टाळलेलं असतं. भाजल्यानं आणखी फ्लॅव्हनॉल जातात हे खरं. पण सर्वांत मोठी तूट होते ती रंग गडद करण्यासाठी पावडरीवर अल्कलीची प्रक्रिया करतात तेव्हा.

आता लोह. शंभर ग्रॅम कोको पावडरीत साधारण 14 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात पाऊण मिलिग्रॅमही नाही. बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅमची. त्यात कोकोतली पॉलिफेनॉल (फ्लॅव्हनॉल त्यातलीच) लोह नीट शोषू देत नाहीत: 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पावाबरोबर कोको प्यायल्यावर लोहाचं शोषण 71 टक्क्यांनी घटलं. चहाचं यापेक्षा वाईट. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 48 टक्के होता, पाचव्या फेरीत 54.2 टक्के झाला. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या, पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्या बाईला ‘लोहाचा खजिना’ म्हणून हे पाकीट कुणी विकलं, तर ती तिची शुद्ध फसवणूक आहे.

याच काळात शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात एक चाचणी झाली, तिचा गाजावाजा मात्र झाला नाही. बारा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना लोहयुक्त बाजरीची भाकरी दिली. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या तुलनेत 64 टक्क्यांनी जास्त निघाली. ‘धनशक्ती’ हे अशाच बाजरीचं वाण, आधी महाराष्ट्रासाठी आलेलं. आपल्या रानात येतं, चुलीवर भाजलं जातं, त्याला कुरिअर लागत नाही. रेशनच्या दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात ही बाजरी नियमानं मिळावी, यासाठी ग्रामसभांनी आग्रह धरला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कोको आवडत असेल त्यानं जरूर घ्यावा. दुधात चमचाभर, साखर जपून, आणि जेवणापासून व लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. अल्कलीची प्रक्रिया केलेली पावडर टाळावी. रोज ढिगानं खाऊ नये, कारण काही मातींतला कोको कॅडमियम शोषून घेतो. 2022 मध्ये अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं डार्क चॉकलेटांत शिसं आणि कॅडमियम सापडल्याचं जाहीर केलं होतं. आणि विकणाऱ्यांनी पाकिटावर हृदयाचं चित्र छापण्याआधी एका चमच्यात फ्लॅव्हनॉल किती मिलिग्रॅम, तो आकडा छापावा.